पट्ट्याखालची हिरवी वायर

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी शिरपूरकडचे एखादे केळीचे पॅकहाऊस पाहिले असेल, तर तिथली पाण्याची मोठी टाकी त्याला आठवत असेल. त्या टाकीत केळीच्या फण्या धुतात, मग त्या सरकत्या पट्ट्यावरून वजनाच्या टेबलाकडे जातात. पट्टा फिरवणारी मोटार त्याने पाहिली असेल, भिंतीवर लावलेला पांढरा डबा पाहिला असेल. मला मात्र कुणी पाहिलेले नसणार. मी पट्ट्याच्या खाली, ओलीत, चिखलात असते. मी अर्थिंगची वायर आहे. आता जुनी झाले आहे. माझा हिरवा रंग उडत चालला आहे आणि अंगावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले आहेत. तरीही मी फार सुखात आहे, आणि त्या सुखासाठी मला काही माणसांचे आभार मानायचे आहेत.

माझे काम काय, ते आधी सांगते. मोटारला वीज आणून देणाऱ्या वायरी वेगळ्या. त्या रोज राबतात, गरम होतात, त्यांचा रुबाब असतो. मला रोजचे काही कामच नसते. मोटारच्या लोखंडी अंगाला माझे एक टोक बांधलेले असते आणि दुसरे टोक बाहेर, मीठ आणि कोळसा घालून भरलेल्या खड्ड्यात पुरलेल्या पट्टीला. कधी आतली वीज चुकून मोटारच्या अंगावर उतरली, तर तिला पटकन जमिनीत नेऊन सोडायचे, एवढेच माझे काम. असा प्रसंग वर्षानुवर्षे येत नाही. त्यामुळे मला आळशी समजणारेच फार.

मला पहिल्यांदा ओळखले ते झुलाल नानांनी. ते शिंदखेड्याचे वायरमन होते. धुळ्याच्या दुकानात मी हिरव्या वेटोळ्यात पडून होते. दुकानदार म्हणाला, "नाना, अर्थिंगलाच लावायची ना? मग हलकी घ्या. कोण बघतंय?" नानांनी माझे टोक सोलून आतले तांबे बोटांवर फिरवून पाहिले आणि म्हणाले, "कोणी बघत नाही, म्हणूनच चांगली पाहिजे." हे वाक्य ऐकले तेव्हा मला आपण कुणीतरी आहोत असे वाटले.

नानांनी मला आधी शिंदखेड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये लावले. तिथे कापसाचे तंतू माझ्यावर बर्फासारखे साचत. काही वर्षांनी ते जिनिंग बंद पडले, मशीनरी भंगारात गेली. नानांनी मला मात्र हातभर-हातभर मापून सोडवले, पुसले, गुंडाळले आणि शिरपूरच्या या नव्या पॅकहाऊसमध्ये आणले. पट्ट्याचा सांगाडा रबरी पायांवर उभा होता, म्हणजे जमिनीशी त्याचा संबंधच नव्हता. नानांनी मोटारवरचा रंग खरवडून लोखंड उघडे केले, माझ्या टोकाला तांब्याची थिंबल, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेली टोपी, दाबून बसवली आणि बोल्ट असा आवळला की त्यांच्या कपाळावर घाम आला.

त्या वेळी टाकीवर काम करणाऱ्या बायका भोवती जमल्या होत्या. नाना त्यांना म्हणाले, "बायांनो, तुमचे हात-पाय दिवसभर ओले. एक लक्षात ठेवा. कोणाला करंट लागला तर त्या माणसाला धरायचं नाही. आधी ते लाल बटण दाबायचं. मग माणूस." बाकीच्या हसल्या. ताईबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठून लाल बटण कुठे आहे ते बघून आल्या.

ताईबाई टाकीवरच्या सगळ्यांत जुन्या कामकरीण. वय पन्नाशीचे, बोलणे थोडे. फणीचा देठ कापला की चीक वाहतो, तो तुरटीच्या पाण्यात कसा धुवायचा हे नव्या मुलींना त्याच शिकवत. त्यांच्या शेजारी पुनम उभी राहायची. पुनमचे नुकतेच लग्न झाले होते. तिचे तोंड दिवसभर चालू असे आणि हात त्याहून वेगाने.

अशी बरीच वर्षे गेली. झुलाल नाना थकले, घरी बसले. त्यांच्या जागी प्रेमराज आला. प्रेमराज कामाला चोख होता, हे मी आजही सांगेन. मोटारचा आवाज थोडा बदलला तरी त्याच्या लक्षात येई. दसऱ्याला तो मोटारला झेंडूची माळ घाली, पांढऱ्या डब्याला कुंकू लावी. मला विसरे. बायका माझ्यावर ओली फडकी वाळत घालीत. मी रागावत नसे. पण आपण इथे का आहोत हे कुणाला ठाऊक आहे की नाही, अशी शंका कधीकधी मनात येई.

त्या पांढऱ्या डब्याला ड्राईव्ह म्हणतात. मोटार किती वेगाने फिरवायची हे तो ठरवतो. शिवाय तो पहारेकरीही असतो. दिलेली सगळी वीज मोटारकडून परत येते की वाटेत कुठे जमिनीत गळते, याचा हिशेब तो क्षणाक्षणाला ठेवतो. गळती दिसली की तो पट्टा थांबवतो आणि छोट्या पडद्यावर लिहितो, 'अर्थ फॉल्ट'.

मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी दुपारी त्याने तसे लिहिले. मला त्याच्याही आधी कळले होते. माझ्या अंगातून वीज धावत गेली. किती वर्षांनी! मी तिला खड्ड्यात सोडले आणि पट्टा थांबला.

प्रेमराज धावत आला. त्याने बटण दाबून ड्राईव्ह पुन्हा चालू केला. अर्धा तास पट्टा फिरला, पुन्हा थांबला. दुसऱ्या दिवशी तेच. सकाळी सगळे सुरळीत, दुपारी खोळंबा. प्रेमराजने मोटार उघडून पाहिली, साध्या मीटरने तपासली. मीटर म्हणाला, ठीक आहे. मग त्याने शेजारच्या पट्ट्याचा ड्राईव्ह काढून इथे बसवला. नवा ड्राईव्हही दुपारी थांबला आणि तेच दोन शब्द दाखवू लागला. दोन निरनिराळे पहारेकरी एकच गोष्ट सांगत होते. पण घाईत असलेल्या माणसाला ती ऐकू येत नाही.

आणि घाई खरी होती. पॅकहाऊसचे मालक अभिमन आबा दर तासाला फोन करत. "प्रेमराज, कंटेनर दारात उभा आहे. चाळीस अंश तापमान आहे बाहेर. माल इथंच पिकला तर बोटीवर काय चढवू?" प्रेमराज "हो आबा, हो आबा" म्हणे आणि कपाळ पुसे. त्याने ओळखीच्या एका वायरमनला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकले.

"अर्थ फॉल्ट दाखवतोय ना? अर्थिंग काढून टाक. बघ कसा गुपचूप चालतो."

"अरे पण..."

"सगळे काढतात रे."

प्रेमराज पाना घेऊन माझ्यापाशी बसला. बराच वेळ बसला. मग त्याने नानांनी आवळलेला तो बोल्ट सैल केला, मला मोटारपासून सोडवले, माझ्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि मला सांगाड्याखाली सारून दिले.

ड्राईव्ह चालू झाला. दुपार झाली तरी थांबला नाही. संध्याकाळी कंटेनर भरून निघाला. आबांनी प्रेमराजची पाठ थोपटली.

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी जमिनीवर पडून होते आणि मला कळत होते की गळती थांबलेली नाही. थांबली होती ती फक्त तिची वाट. आता ती वीज मोटारच्या अंगावर, पट्ट्याच्या साऱ्या लोखंडावर पसरून वाट पाहत बसली होती. जमिनीशी नाते जोडणारे कुणीतरी तिला हवे होते. आणि तिथे ओल्या पायांनी दहा बायका उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ताईबाई प्रेमराजकडे गेल्या. "प्रेमराजभाऊ, पट्टाले हात लागना का मुंग्या येतस."

प्रेमराजने टेस्टर लावला. दिवा मिणमिणला. "अक्का, ड्राईव्हच्या मोटारला थोडं असं येतंच. काही होत नाही."

"वहम नही शे भाऊ. पुनमलेबी लागनं."

"चपला घालून उभ्या राहा," तो म्हणाला आणि निघून गेला. त्याचा चेहरा मी खालून पाहिला. त्याचे त्याला पटले नव्हते. पण दुसरा कंटेनर संध्याकाळी यायचा होता.

ताईबाईंनी कोरडी गोणपाटे आणून स्वतःच्या आणि पुनमच्या पायाखाली घातली. तासाभरात ती भिजून चिंब झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी टाकी काठोकाठ भरली होती. पट्ट्यावरून एक फणी घसरली आणि सांगाड्याच्या कडेला अडकली. पुनम बोलता बोलता वाकली. एक हात टाकीच्या पाण्यात होता, दुसरा तिने लोखंडावर टेकला.

तिचे बोलणे मध्येच तुटले. आधी कुणाच्या लक्षातच आले नाही. मग तिच्या शेजारची मुलगी किंचाळली. पुनमचा हात लोखंडाला चिकटला होता, डोळे वर गेले होते, अंग थरथरत होते. माझे सुटलेले टोक तिथून वीतभर अंतरावर होते. केवळ वीतभर! मी काहीही करू शकत नव्हते. भिंतीवरचा ड्राईव्हही गप्प होता, कारण माणसाचा जीव घ्यायला जेवढी वीज पुरते, तेवढी त्याला जाणवतसुद्धा नाही.

दोघी तिघी तिला ओढायला धावल्या.

"तिले धरू नका! कोणीच हात लावू नका!"

त्या थोडे बोलणाऱ्या ताईबाईंचा असा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. त्या ओल्या फरशीवरून घसरत, पडत, उठत भिंतीपाशी गेल्या आणि लाल बटणावर दोन्ही हात आपटले. पट्टा थांबला. पुनम खाली कोसळली.

ताईबाईंनी तिचे डोके मांडीवर घेतले. कुणी तळवे चोळले, कुणी तोंडावर वारा घातला. तिचा श्वास चालू होता, पण डोळे मिटलेले होते. आबांच्या गाडीतून तिला शिरपूरच्या दवाखान्यात नेले. गाडी गेल्यावर पॅकहाऊसमध्ये एवढी शांतता झाली की टाकीतून ठिबकणारे पाणी ऐकू येत होते. प्रेमराज पट्ट्यापाशी खाली बसला. त्याने हात घालून मला बाहेर काढले आणि मुठीत धरून ठेवले.

पुनम वाचली. दोन दिवस दवाखान्यात राहून घरी गेली.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी धुळ्याहून निलोफर आली. ड्राईव्ह आणि मोटारी दुरुस्त करणे हा तिचा व्यवसाय. तिशीची, सडपातळ, खांद्यावर जड पिशवी. आबा तिला म्हणाले, "बाई, ड्राईव्ह बदलून टाका. नवीन लावा."

"बदलू आबा, खराब असला तर," ती म्हणाली. "आधी विचारू तर द्या."

तिने वीज पूर्ण बंद करून मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावले आणि किल्ली खिशात ठेवली. मग तिने प्रेमराजला विचारले, "काय काय केलंत?"

प्रेमराज आबांकडे बघेना. त्याने ड्राईव्ह बदलल्याचे सांगितले, मोटार तपासल्याचे सांगितले. मग थांबला. मला वाटले, आता हा पुढचे गिळून टाकणार. माझे टोक पुन्हा बांधायला त्याला दोन मिनिटे लागली असती आणि कुणाला काही कळले नसते.

"आणि अर्थिंग मी काढलं," तो म्हणाला. "माझ्या हातानं. पुनमला लागलं ते माझ्यामुळं."

आबा काही बोलायला गेले. निलोफरने हात वर केला. "सांगितलंत ते बरं केलंत भाऊ. माझं अर्धं काम वाचलं. चला, आता शोधू."

तिने ड्राईव्हपासून मोटारची केबल सोडवली, सगळ्यांना पट्ट्यापासून दूर उभे केले आणि कुलूप काढून नुसता ड्राईव्ह चालवून पाहिला. तो शांतपणे चालला. "हा निर्दोष आहे," ती म्हणाली. वीज पुन्हा बंद केली, कुलूप पुन्हा लावले. मग केबल मोटारपासूनही सोडवली आणि पिशवीतून मेगर काढला. साधा मीटर इवल्याशा बॅटरीवर तपासतो, त्यामुळे अशी गळती त्याला दिसत नाही. मेगर पाचशे व्होल्ट लावून विचारतो. त्याने मोटार तपासली. उत्तम. केबल तपासली. तीही उत्तम.

प्रेमराजचा चेहरा पडला. "मग दोष आहे कुठं?"

निलोफर पिशवीवर बसली आणि तिने इकडेतिकडे पाहिले. भिंतीपाशी बायका उभ्या होत्या. तिने ताईबाईंना जवळ बोलावले. "मावशी, तुम्ही रोज इथंच असता. पट्टा कधी थांबायचा?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. ताईबाईंनी पदराला हात पुसले. "सकाळले काही नही व्हस, बेटा. टाकी भरीसन पाणी सांडाले लागनं का मंग बंद पडस."

निलोफर ताडकन उठली. "आता टाकी कोरडी आहे. मावशी, जसं रोज सांडतं तसं पाणी सांडा."

मेगर केबललाच जोडलेला होता. ताईबाईंनी बादली भरून टाकीच्या काठावरून सावकाश ओतायला सुरुवात केली. पाणी काठावरून उतरले, सांगाड्यावरून ओघळले, केबल जिथे वळते त्या कोपऱ्यात पोहोचले. मेगरचा काटा डगमगला आणि सरळ शून्यावर जाऊन पडला.

म्हणजे गळती केबलमध्येच होती, आणि पाणी लागले की सुरू होत होती. निलोफरने मेगर काढला, टॉर्च घेतली आणि ती चिखलात आडवी झाली. केबलला धरून ठेवणारी एक क्लिप कधीतरी गळून पडली होती. पट्टा हलला की केबल लोखंडाच्या धारेवर घासत होती. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढी जागा सोलली गेली होती. कोरडी असताना निरुपद्रवी. ओली झाली की वीज बाहेर.

"भाऊ, इकडे या. तुम्हीच बघा," तिने प्रेमराजला बोलावले. तोही तिच्याशेजारी चिखलात आडवा झाला. त्या दाण्याएवढ्या जागेकडे तो पाहत राहिला.

"ड्राईव्ह ओरडून सांगत होता," तो हळूच म्हणाला.

"आणि मावशीसुद्धा," निलोफर म्हणाली.

त्या दिवशी नवी केबल आली. ती सांगाड्यापासून दूर, नळीतून नेली. मग निलोफरने मला हातात घेतले. तिने माझी चिकटपट्टी सोडवली, काळवंडलेले टोक कापून टाकले, आतले लखलखीत तांबे उघडे केले, नवी थिंबल दाबली. बाहेरचा खड्डा सुकून गेला होता. त्यात ताईबाईंनी स्वतः चार बादल्या पाणी ओतले. बोल्ट आवळायची वेळ आली, तेव्हा निलोफरने पाना प्रेमराजकडे दिला. त्याने आवळला, पुन्हा आवळला, मला ओढून पाहिले. मग तो सगळ्या बायकांसमोर ताईबाईंना म्हणाला, "अक्का, तुम्ही सांगत होतात. मी ऐकलं नाही."

ताईबाईंनी मान हलवली, एवढेच. त्यांनी माफ केले की नाही, मला सांगता येणार नाही. पण पुनमच्या घरी जायला निघाल्या तेव्हा, "चाल भाऊ, तूबी ये," असे त्या त्याला म्हणाल्या, आणि तो गेला.

पुनम महिन्याभराने परत आली. पहिले काही दिवस ती लोखंडापासून अंग चोरून उभी राहायची. हळूहळू तिचे तोंड पूर्वीसारखे चालू लागले.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. टाकी धुताना जोराचा फवारा मोटारवर बसला आणि तिच्या जोडणीच्या डबीत पाणी शिरले. पट्टा चालू होता. ताईबाई नेहमीप्रमाणे सांगाड्याला एका हाताने टेकून दुसऱ्या हाताने फण्या उलटत होत्या. वीज डबीतून निसटून मोटारच्या अंगावर उतरली. तिथे तिला दोन वाटा होत्या, ताईबाईंचा ओला हात आणि मी. मी तिला घेतले. सगळी घेतली. माझे तांबे क्षणभर ऊन झाले आणि ती खड्ड्यात उतरून विझली. डोळ्याचे पाते लवायच्या आत ड्राईव्हने पट्टा थांबवला.

"काय व्हयनं?" ताईबाईंनी मान वर करून विचारले.

प्रेमराज ड्राईव्हसमोर उभा होता. त्याचे बोट पुन्हा चालू करायच्या बटणापर्यंत गेले आणि मागे आले. त्याने मुख्य स्विच पाडला. "काही नही, अक्का. बठ्ठ्या जणी बाजूले व्हा. मी उघडीसन बघस."

ताईबाईंनी लोखंडावरचा हात काढला, पदराला पुसला आणि पुनमला घेऊन त्या चहा प्यायला गेल्या. आपल्या हाताशी काय येऊन परत गेले, हे त्यांना कधीच कळले नाही. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्याचे काम त्या एका क्षणात झाले, आणि कुणाला कळलेही नाही. यापेक्षा मोठे सुख मला ठाऊक नाही. मला चांगली समजून निवडणाऱ्या नानांचे, मला पुन्हा जोडणाऱ्या निलोफरचे, आपली चूक सर्वांसमोर सांगणाऱ्या प्रेमराजचे आणि लाल बटण लक्षात ठेवणाऱ्या ताईबाईंचे मी मनापासून आभार मानते.

तुमच्या घरात, शेतातल्या पंपावर, शाळेतल्या पाण्याच्या मशीनपाशी माझ्या बहिणी असतील. त्यांच्यावर कपडे वाळत घालू नका. एखादी तुटून लोंबताना दिसली तर हात न लावता मोठ्यांना सांगा. आणि कुणीही, अगदी कुणीही, "हाताला मुंग्या येताहेत" असे म्हणाले, तर आधी मशीन बंद करा. खरे की खोटे, ते मग पाहा.